वेब सर्व्हर, स्थानिक

वेब सर्व्हर, स्थानिक : संकेतस्थळ किंवा वेबवर चालणारी आज्ञावली तयार होत असताना ती तपासून पाहण्यासाठी निर्मात्याने स्वतःच्याच संगणकावर चालविलेला वेब सर्व्हर. ‘सर्व्हर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. इतर संगणकांना सेवा पुरविणाऱ्या यंत्रालाही सर्व्हर म्हणतात आणि त्या यंत्रात चालणाऱ्या, आलेली मागणी वाचून तिला अनुसरून पाने, चित्रे वा इतर माहिती पाठविणाऱ्या आज्ञावलीलाही सर्व्हर म्हणतात. प्रस्तुत नोंदीत हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. मागणी करणाऱ्या आज्ञावलीला ग्राहक असे म्हणतात. सर्वांच्या परिचयाचा ब्राउझर हा असाच एक ग्राहक होय. एरवी ग्राहक व सर्व्हर परस्परांपासून शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर असतात व त्यांच्यामधील संदेशांची ये-जा इंटरनेटवरून होते. स्थानिक सर्व्हरच्या बाबतीत हे दोन्ही एकाच यंत्रात असतात. त्यामुळे इंटरनेटची जोडणी नसतानाही संकेतस्थळाचे काम करता येते आणि अपुरे वा सदोष पान जगापुढे जाण्यापूर्वी ते दुरुस्त करण्यास वाव मिळतो.

आज्ञावली लिहिणे, ती चालविणे व तिच्यातील दोष शोधणे ही कामे एकाच ठिकाणी करता यावीत म्हणून रचलेल्या साधनसंचाला विकसन परिसर म्हणतात. स्थानिक सर्व्हर हा पूर्वी या परिसराबाहेरचा, वेगळा बसवावा लागणारा घटक होता. पुढे तो परिसराचाच एक अंगभूत भाग बनला.

गरज : एचटीएमएल या भाषेत लिहिलेले साधे पान संगणकाच्या तबकडीवरून थेट ब्राउझरमध्ये उघडता येते. मग सर्व्हरची गरज काय, असा प्रश्न नवशिक्याला पडणे स्वाभाविक आहे. याची मुख्य कारणे तीन आहेत. (१) पीएचपीसारख्या भाषेत लिहिलेले पान ब्राउझरला समजत नाही. ते आधी सर्व्हरच्या बाजूस चालवावे लागते व त्यातून निष्पन्न झालेले एचटीएमएल ब्राउझरकडे जाते. असे पान थेट उघडल्यास आज्ञांचा मूळ मजकूरच पडद्यावर दिसतो किंवा फाइल उतरवून घेतली जाते. (२) पानातील चित्रांचे व इतर पानांचे पत्ते पुष्कळदा तिरप्या रेघेने सुरू होतात. सर्व्हरवर या रेघेचा अर्थ ‘संकेतस्थळाचे मूळ फोल्डर’ असा होतो, तर थेट उघडलेल्या फाइलीत तिचा अर्थ ‘तबकडीचे मूळ’ असा होतो. त्यामुळे चित्रे सापडत नाहीत. (३) एका उगमस्थानाहून आलेल्या आज्ञांना दुसऱ्या उगमस्थानाची माहिती वाचू द्यावयाची नाही, असा ब्राउझरांचा सुरक्षानियम आहे. योजना (एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस), यंत्राचे नाव व पोर्ट क्रमांक ही तीन मिळून उगमस्थान ठरते. तबकडीवरून उघडलेल्या फाइलीला असे ओळखता येण्याजोगे उगमस्थान नसल्याने तिच्यातील जावास्क्रिप्ट आज्ञांना शेजारच्या फाइलीही वाचता येत नाहीत.

कार्यतत्त्व : इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास अंकांनी बनलेला पत्ता असतो. आयपी पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत १२७ या अंकाने सुरू होणारे सर्व १,६७,७७,२१६ पत्ते ‘हेच यंत्र’ या अर्थासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी १२७.०.०.१ हा पत्ता रूढ आहे व ‘लोकलहोस्ट’ हे त्याचे नाव होय. या पत्त्यावर धाडलेला संदेश तारेवर वा बिनतारी लहरींवर जातच नाही. परिचालन प्रणाली तो आतल्या आत वळवून त्याच यंत्रातील दुसऱ्या आज्ञावलीच्या हाती देते. म्हणून अशा पत्त्याला प्रत्यावर्ती पत्ता म्हणता येईल. सहाव्या आवृत्तीत या कामासाठी एकच पत्ता असून त्याच्या १२८ द्विमान अंकांपैकी केवळ शेवटचा १ असतो व बाकीचे सर्व ० असतात.

एकाच यंत्रात अनेक सर्व्हर चालू शकतात. त्यामुळे केवळ यंत्राचा पत्ता पुरेसा नसतो. इमारतीच्या पत्त्याबरोबर खोलीचा क्रमांक द्यावा त्याप्रमाणे पोर्ट क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक १६ द्विमान अंकांचा असल्याने तो ० ते ६५,५३५ यांच्या दरम्यान असतो. वेबसाठी ८० हा क्रमांक व कूटबद्ध वेबसाठी ४४३ हा क्रमांक ठरलेला आहे. तथापि यूनिक्स परंपरेतील प्रणालींत १,०२४ खालील क्रमांक वापरण्यास रूढीने विशेष अधिकार लागतात. म्हणून विकसनाच्या कामी ८०००, ८०८० वा ३००० यांसारखे वरचे क्रमांक वापरण्याची प्रथा पडली.

सर्व्हर सुरू होताच तो आपला पत्ता व पोर्ट परिचालन प्रणालीकडे नोंदवितो व मागणीची वाट पाहत राहतो. ब्राउझरकडून येणाऱ्या मागणीत क्रियेचे नाव, हव्या असलेल्या फाइलीचा मार्ग व एचटीटीपी या संदेशसंकेताची आवृत्ती असते. त्यानंतर शीर्षनोंदी व एक कोरी ओळ येते. सर्व्हरच्या उत्तरात प्रथम तीन अंकी स्थितिक्रमांक, मग शीर्षनोंदी, मग कोरी ओळ व शेवटी प्रत्यक्ष मजकूर असतो. २०० हा क्रमांक यशाचा, ४०४ हा वस्तू न सापडल्याचा व ५०० हा सर्व्हरच्या बाजूस आज्ञावली अडल्याचा निदर्शक आहे.

इतिहास : जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर व पहिला ब्राउझर सिद्ध केला. हे दोन्ही त्यांच्या नेक्स्ट या संगणकावर तयार झाले व तेथेच चालले. निर्मात्याच्या मेजावरील यंत्र आणि जगाला सेवा देणारे यंत्र यांत त्या वेळी भेद नव्हता. हे यंत्र सर्व्हर असून ते कोणीही बंद करू नये, अशा अर्थाची हस्तलिखित चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. कामाचे यंत्र व सेवेचे यंत्र एकच असण्यातील धोका त्या चिठ्ठीवरून स्पष्ट होतो. पुढे ही दोन यंत्रे वेगळी झाली, त्याचे एक कारण हेच होय.

सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची मूळ आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात रॉबर्ट मॅक्कूल यांनी लिहिलेला सर्व्हर प्रसृत झाला. त्यात सुधारणा करून १९९५ मध्ये अपाची हा सर्व्हर निर्माण झाला. पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल ही माहितीसंग्रह प्रणाली याही १९९५ मध्येच लोकांपुढे आल्या. हे तिन्ही घटक आपल्या संगणकावर एकेक करून बसविणे व परस्परांशी जुळविणे हे प्रारंभी कष्टाचे काम होते. ते सुकर करण्यासाठी २००२ मध्ये अपाची फ्रेंड्स या गटाने झॅम्प हा एकत्रित संच उपलब्ध केला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पहिली काही वर्षे ती दूरध्वनीच्या तारेवरून, वापरलेल्या वेळेच्या हिशेबाने मिळे. अशा स्थितीत जोडणीचा खर्च न करता घरी वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सराव करता येणे, हे स्थानिक सर्व्हरचे महत्त्व होते.

यापुढचा टप्पा म्हणजे सर्व्हर विकसन परिसरातच समाविष्ट होणे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २००५ मध्ये लहानसा सर्व्हर अंतर्भूत होता व तो केवळ त्याच यंत्रावरून आलेल्या मागण्या स्वीकारी. पायथन भाषेतील जँगो (२००५) व रूबी भाषेतील रेल्स (२००४) या चौकटींनी एका आज्ञेत सुरू होणारा सर्व्हर सोबतच दिला. २००९ मध्ये रायन डाल यांनी सादर केलेल्या नोड डॉट जेएसमुळे जावास्क्रिप्टमध्येच सर्व्हर लिहिणे सोपे झाले. पीएचपीनेही २०१२ मधील ५.४ या आवृत्तीपासून अंगभूत सर्व्हर देण्यास सुरुवात केली.

उभारणी : स्थानिक सर्व्हर उभारण्याचे टप्पे कोणत्याही साधनात जवळजवळ सारखेच असतात. पायथनचे उदाहरण घेतल्यास ते स्पष्ट होतील, कारण या भाषेच्या मूळ संचातच ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ हा विभाग आहे व वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रथम प्रकल्पासाठी स्वतंत्र फोल्डर करून त्यात ‘इंडेक्स’ या नावाची एचटीएमएल फाइल ठेवतात. नंतर विकसन परिसरातील आज्ञापटल उघडून त्या फोल्डरात असल्याची खात्री करतात व पायथनला हा विभाग ८००० या पोर्टवर चालविण्याची आज्ञा देतात. आज्ञेतच १२७.०.०.१ या पत्त्याशी बांधून घेण्याचा पर्याय लिहिणे आवश्यक असते. तो न लिहिल्यास हा सर्व्हर यंत्राच्या सर्व पत्त्यांवर कान देऊन बसतो. शेवटी ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ हे नाव, विसर्गचिन्ह व ८००० असा पत्ता दिला की पान दिसते. प्रत्येक मागणीची वेळ, मार्ग व स्थितिक्रमांक यांची ओळ आज्ञापटलावर उमटत जाते. दोषशोधनात या ओळींचा फार उपयोग होतो.

पान दिसले नाही, तर दोष कोठे आहे हे लक्षणांवरून क्रमाने ठरविता येते. जोडणी नाकारल्याचा संदेश आल्यास सर्व्हर चालू नाही किंवा पोर्ट क्रमांक चुकला आहे, असे समजावे. सर्व्हर सुरू होतानाच ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशा अर्थाची त्रुटी आल्यास त्या पोर्टवर दुसरी आज्ञावली किंवा आधीचा न थांबविलेला सर्व्हर चालू असतो. ४०४ हा क्रमांक आल्यास सर्व्हर ठीक असून फाइलीचा मार्ग चुकलेला असतो, किंवा सर्व्हर भलत्याच फोल्डरातून सुरू केलेला असतो. ५०० हा क्रमांक आल्यास दोष आज्ञावलीत शोधावा. फाइल बदलूनही जुनेच पान दिसत राहिल्यास ब्राउझरने साठवून ठेवलेली प्रत कारणीभूत असण्याचा संभव असतो. ब्राउझरच्या विकसन साधनांतून ही साठवण तात्पुरती बंद करता येते.

आधुनिक साधनांत सर्व्हर फाइलींवर लक्ष ठेवतो. फाइल जतन होताच परिचालन प्रणाली त्याला सूचना देते व तो ब्राउझरशी उघड्या ठेवलेल्या दुपदरी जोडणीतून पान पुन्हा मागविण्याचा इशारा देतो. काही साधने संपूर्ण पानाऐवजी बदललेला भागच अदलून देतात. त्यामुळे पानात भरलेली माहिती पुसली जात नाही.

देवनागरी मजकूर : मराठीतील पाने तपासताना स्थानिक सर्व्हरवर दोन अडचणी वारंवार येतात. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइट व्यापते. ‘मराठी’ या शब्दात म, र, आकाराचे चिन्ह, ठ व ईकाराचे चिन्ह अशी पाच चिन्हे असून तो शब्द १५ बाइटांचा होतो. उत्तराची लांबी सांगणाऱ्या शीर्षनोंदीत बाइटांची संख्या द्यावयाची असते. स्वतः लिहिलेल्या सर्व्हरात तेथे चिन्हांची संख्या, म्हणजे ५, दिली गेल्यास ग्राहक पाचच बाइट वाचतो व त्याच्या हाती पूर्ण ‘म’ आणि ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट पडतात. रोमन अक्षरांचे प्रत्येकी एकच बाइट असल्याने इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली असता हा दोष दिसतच नाही.

दुसरी अडचण संकेतनाच्या घोषणेची आहे. अनेक साधे सर्व्हर मजकुराचा प्रकार सांगतात, पण त्याचे संकेतन सांगत नाहीत. मग ब्राउझरला ते अनुमानाने ठरवावे लागते. त्याने पश्चिम यूरोपीय संकेतन गृहीत धरल्यास ‘म’ या एका अक्षराऐवजी स्वरचिन्हयुक्त रोमन ‘ए’, चलनचिन्ह व नोंदणीकृत व्यापारमुद्रेचे चिन्ह अशी तीन चिन्हे दिसतात. यावर उपाय म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करणे व एचटीएमएलच्या आरंभी, पहिल्या १,०२४ बाइटांच्या आत, संकेतनाची घोषणा करणे हा होय. साध्या मजकुराच्या फाइलीत अशी घोषणा करता येत नसल्याने तेथे सर्व्हरच्या शीर्षनोंदीतच ती द्यावी लागते.

मर्यादा : स्थानिक सर्व्हरवर नीट चाललेले संकेतस्थळ प्रत्यक्ष सेवेच्या यंत्रावर चालेलच असे नाही. विंडोज प्रणाली फाइलींच्या नावांतील मोठी व लहान रोमन अक्षरे सामान्यतः एकच मानते. लिनक्समध्ये ती भिन्न ठरतात व सेवेची बहुतेक यंत्रे लिनक्सवर चालतात. त्यामुळे घरी दिसणारे चित्र तेथे गायब होते. पीएचपीचा अंगभूत सर्व्हर त्याच्या मूळ रूपात एका वेळी एकच मागणी हाताळतो. एखादे पान चालू असताना त्यानेच त्या सर्व्हरकडे दुसरी मागणी केली, तर दोन्ही एकमेकांची वाट पाहत खोळंबतात. याउलट, काही गोष्टी घरी चालतात पण शेजारच्या यंत्रावर चालत नाहीत. वापरणाऱ्याचे भौगोलिक स्थान विचारण्यासारख्या सुविधा ब्राउझर केवळ कूटबद्ध जोडणीवर देतात, मात्र लोकलहोस्टला त्यातून सूट असते. तेच पान घरातील जाळ्यावरून भ्रमणध्वनीवर उघडले की सूट संपते व सुविधा बंद पडते. दोन परिसरांतील असे भेद कमी करण्यासाठी आज्ञावली व तिला लागणारे सर्व घटक एका पेटीत बांधून नेण्याची पद्धत रूढ झाली असून २०१३ मध्ये प्रसृत झालेले डॉकर हे तिचे प्रसिद्ध साधन आहे. मात्र पेटीच्या आत १२७.०.०.१ चा अर्थ ‘ही पेटी’ असा होतो. बाहेरच्या ब्राउझरला आतील सर्व्हरपर्यंत पोहोचू देण्यासाठी पेटीतील सर्व्हर सर्व पत्त्यांवर चालवून पेटीचे पोर्ट यजमान यंत्राच्या १२७.०.०.१ शी जोडावे लागते.

सुरक्षितता : स्थानिक सर्व्हर आपल्याच यंत्रात असल्याने तो आपोआप सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची आहे. ०.०.०.० हा पत्ता सर्व्हरला दिल्यास त्याचा अर्थ ‘या यंत्राचे सर्व पत्ते’ असा होतो. यंत्राच्या संरक्षक भिंतीने अडविले नाही, तर महाविद्यालयाच्या वा उपाहारगृहाच्या सामाईक बिनतारी जाळ्यावरील कोणालाही तो सर्व्हर खुला होतो. पायथनचा उपरोल्लेखित सर्व्हर ‘इंडेक्स’ फाइल नसलेल्या फोल्डरातील सर्व फाइलींची यादी दाखवितो व त्यात एरवी लपलेल्या फाइलीही येतात. परवलीचे शब्द अशाच फाइलींत ठेवण्याची प्रथा असल्याने धोका उघड आहे. काही चौकटींच्या दोषशोधन पानांवरून तर सर्व्हरच्या यंत्रावर हव्या त्या आज्ञा चालविता येतात. असे पान परक्याच्या हाती लागणे म्हणजे संपूर्ण यंत्र त्याच्या स्वाधीन करणे होय.

सर्व्हर १२७.०.०.१ शीच बांधलेला असला, तरी एक वाट उरते. ब्राउझरमध्ये उघडलेले कोणतेही परके पान लोकलहोस्टकडे मागणी धाडू शकते. उत्तर वाचण्यास त्याला मज्जाव असला, तरी मागणीने घडणारे कृत्य घडून जाते. याचे ठळक उदाहरण जुलै २०१९ मध्ये उघडकीस आले. झूम या चित्रसंभाषण आज्ञावलीने मॅक संगणकांवर १९४२१ या पोर्टवर एक स्थानिक सर्व्हर बसविलेला होता. कोणतेही संकेतस्थळ त्याच्याकरवी वापरणाऱ्याला, काही वेळा कॅमेरा सुरू ठेवून, संभाषणात ओढू शकत होते. मूळ आज्ञावली काढून टाकल्यावरही हा सर्व्हर मागे राहत असे. अखेर कंपनीने तो काढून टाकला व ॲपल कंपनीनेही तो हटविणारी सुधारणा संगणकांवर परस्पर पाठविली. म्हणून मागणी कोणत्या नावाने व कोणत्या उगमस्थानाहून आली हे तपासणे स्थानिक सर्व्हरलाही आवश्यक ठरते. जँगोसारख्या चौकटी यंत्राचे मान्य केलेले नाव सोडून इतर नावाने आलेली मागणी नाकारतात.

विकसनासाठी दिलेले सर्व्हर प्रत्यक्ष सेवेसाठी वापरू नयेत, असा इशारा पायथन, पीएचपी व जँगो यांच्या अधिकृत माहितीपत्रांत दिलेला आहे. वेग, एकाच वेळी अनेकांची मागणी पेलण्याची क्षमता व हल्ल्यांपासून बचाव या गोष्टी त्यांच्या रचनेत गौण असतात. चटकन सुरू होणे, दोष सविस्तर सांगणे व बदल तत्काळ दाखविणे हे त्यांचे उद्दिष्ट असते. प्रत्यक्ष सेवेसाठी अपाची किंवा एन्जिनएक्स (२००४) यांसारखे सर्व्हर योजतात व दोषांचा तपशील पडद्यावर न दाखविता नोंदवहीत लिहितात. थोडक्यात, निर्मात्याला उपयोगी पडणारा सर्व्हर जितका बोलका असावा, तितकाच लोकांपुढे ठेवावयाचा सर्व्हर मितभाषी असावा लागतो. काम संपताच स्थानिक सर्व्हर थांबविणे, तो प्रकल्पाच्याच फोल्डरापुरता मर्यादित ठेवणे व प्रत्यावर्ती पत्त्याशी बांधणे ही तीन पथ्ये पाळल्यास शिकणाऱ्यास त्याचा निर्धास्तपणे उपयोग करता येतो.